झेल घेणारा धावपटू घडतो कसा?

आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील चपळ मुले मैदान गाजवतात. कबड्डी, खो-खो आणि धावणे हे त्यांचे हक्काचे खेळ. बारावीनंतर मात्र यांतील अनेकांचे खेळणे थांबते. अमेरिकेत नेमक्या याच वयात महाविद्यालय हे क्रीडाजीवनाचे प्रवेशद्वार ठरते. तेथील महाविद्यालयीन फुटबॉलमधील ‘वाइड रिसीव्हर’ची वाटचाल हे त्याचे बोलके उदाहरण होय. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ‘फ्लॅग फुटबॉल’ या त्याच खेळाच्या धक्काबुक्कीविरहित प्रकाराचा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये समावेश केला. त्यामुळे हा खेळ आता आपल्याकडेही पूर्णतः परका राहिलेला नाही.

रिसीव्हरचे काम

अमेरिकन फुटबॉल मुख्यत्वे हाताने खेळला जातो. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात चेंडू नेल्यास ‘टचडाऊन’ होऊन सहा गुण मिळतात. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. तर बाजूरेषेजवळ उभा राहून, ठरलेल्या वाटेने धावत जाऊन तो झेलणारा म्हणजे वाइड रिसीव्हर.

या कामात केवळ वेग पुरेसा नसतो. रिसीव्हर वळण्यापूर्वीच क्वार्टरबॅक चेंडू सोडतो. किती पावलांवर वळायचे हे दोघांनी सरावात घोटलेले असते. एक पाऊल चुकले तरी झेल प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू जसा खांद्याची हूल देऊन बचावपटूचा तोल घालवतो, तसेच कसब येथेही लागते. मैदानाच्या कडेला झेल घेताना महाविद्यालयीन सामन्यात एक पाय रेषेच्या आत टेकला तरी चालते. व्यावसायिक सामन्यात दोन्ही पाय टेकावे लागतात.

चार हजार वस्तीच्या गावातून

डेव्होंटा स्मिथ हा लुईझियाना राज्यातील अमीट या सुमारे चार हजार वस्तीच्या गावचा. अंगकाठी इतकी सडपातळ की, धिप्पाड बचावपटूंपुढे त्याचा निभाव लागेल काय, अशी शंका व्यक्त होत असे. २०१७ मध्ये तो अलाबामा विद्यापीठाच्या संघात दाखल झाला. पहिल्या हंगामात त्याच्या वाट्याला अवघे ८ झेल आले. त्यांतला एक मात्र निर्णायक ठरला. जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात जादा वेळेत ४१ यार्डांवरून आलेला चेंडू झेलून त्याने जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध संघाला विजय मिळवून दिला.

पुढील तीन हंगामांत झेलांची संख्या ४२, ६८ आणि ११७ अशी चढत गेली. शाळा सोडल्यानंतर तीन वर्षे पूर्ण होताच व्यावसायिक निवडीस पात्र होता येते. २०१९ च्या हंगामानंतर स्मिथलाही हा मार्ग खुला होता. परंतु त्याने चौथे वर्ष महाविद्यालयातच खेळण्याचे ठरविले. २०२० च्या त्या हंगामात त्याने १,८५६ यार्ड आणि झेलांतून २३ टचडाऊन नोंदविले. जानेवारी २०२१ मध्ये त्याला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठीची हाइझमन ट्रॉफी मिळाली. १९९१ च्या डेस्मंड हॉवर्डनंतर हा मान मिळविणारा तो पहिलाच वाइड रिसीव्हर. त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्स संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुपर बोल विजेत्या संघाचा सदस्य झाला.

शिष्यवृत्तीचा हिशेब

स्मिथच्या यशामागे एक रचना उभी होती. नामांकित विद्यापीठाच्या पूर्ण शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांचा खर्च येतो. प्रशिक्षक, वैद्यकीय पथक आणि अभ्यासात साह्य करणारे शिक्षक दिमतीला असतात. अभ्यासात किमान प्रगती नसेल, तर मैदानावर उतरता येत नाही.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. विद्यापीठे या खेळातून प्रचंड पैसा मिळवीत असताना खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आर्थिक लाभ घेण्यास दीर्घकाळ मनाई होती. ती जुलै २०२१ मध्ये उठली. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याचीही मुभा मिळाली. हाइझमन जिंकणाऱ्या स्मिथला महाविद्यालयात असताना यांपैकी कशाचाच लाभ झाला नाही. शिवाय शंभर महाविद्यालयीन खेळाडूंतून जेमतेम एक-दोन जणच व्यावसायिक संघापर्यंत पोहोचतात. उरलेल्यांच्या हाती राहते ती पदवी. म्हणूनच अभ्यासाची अट महत्त्वाची.

डहाणू-तलासरीने काय घ्यावे?

महाराष्ट्रात हा खेळ रुजविण्याचा प्रयत्न झाला. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीगच्या पहिल्या हंगामात पुणे मराठाज संघ विजेता ठरला. पण लीगला येथे पाय रोवता आले नाहीत. तेव्हा तलासरीत उद्या अमेरिकन फुटबॉलचे मैदान उभारावे, असे कोणी म्हणणार नाही. घेण्यासारखी आहे ती शिडी.

आपल्याकडेही काही पायऱ्या आहेत. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. प्रो कबड्डीत २०१९ च्या लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. अडचण मधल्या पायरीची आहे. आश्रमशाळेत असेपर्यंत मुलाला निवास आणि भोजन मिळते. महाविद्यालयात आल्यावर सरावाच्या वेळेशी प्रवासाची आणि रोजगाराची गाठ पडते. एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. तलासरीच्या विद्यार्थ्याची भिस्त मात्र रस्त्यावरच्या वाहनांवर. घरची मंडळी हंगामी कामासाठी वीटभट्टीवर किंवा वापी-उंबरगावच्या कारखान्यांकडे गेली, तर सराव आपसूक मागे पडतो.

स्मिथच्या पहिल्या हंगामातील आठ झेल पाहून कोणी त्याला घरी पाठविले नाही. चार वर्षे त्याच्या जेवणाची, अभ्यासाची आणि सरावाची सोय एकाच ठिकाणी होती. चपळाई डहाणू-तलासरीतही आहे. वसतिगृह, पोषक आहार आणि पूर्णवेळ प्रशिक्षक यांची सांगड महाविद्यालयाच्या पातळीवर घातली गेली, तर बारावीनंतर मैदान सोडावे लागणाऱ्यांची संख्या निश्चितच घटेल.