कुऱ्हाडीवर जगलेलं रान

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात बरी सेंट एडमंड्स हे जुन्या मठाचं गाव आहे. तिथून आग्नेयेला दहाएक किलोमीटरवर गव्हाची आणि मोहरीच्या भावकीतल्या रेपसीडची शेतं पसरली आहेत आणि त्यांच्या मधोमध ब्रॅडफील्ड वुड्स हे रान आहे. पसारा बेताचाच, सुमारे ८१ हेक्टर. तिकीट नाही, परवाना नाही. गाडी लावायची, रबरी बूट चढवायचे (हिमनद्यांनी मागे ठेवलेली इथली चिकणमाती साध्या चपला-बुटांना दाद देत नाही) आणि वाटेवरच्या खुणा बघत चालू लागायचं. एप्रिलअखेरीस, सुट्टीचा वार सोडून गेलं तर तास-तासभर दुसरं माणूस दिसत नाही. पायाखाली पांढऱ्या अ‍ॅनिमोनीचे ताटवे, पलीकडे ब्लूबेलची निळाई, आणि कुठंतरी रेन नावाचा अंगठ्याएवढा पक्षी आकाराला न शोभणाऱ्या आवाजात ओरडत असतो.

पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथं माणसाचा हात लागलेलाच नाही. वस्तुस्थिती अशी की या रानावर निदान १२५२ सालापासून कुऱ्हाड चालते आहे. तेव्हा ते बरीच्या मठाच्या मालकीचं होतं. पुढे आठव्या हेन्रीनं मठ मोडीत काढले, मालक बदलत गेले, तोड मात्र थांबली नाही. आणि अभ्यासक सांगतात ते असं, की हे रान टिकलं ते या तोडीमुळेच.

तोडायची ही रीत म्हणजे कॉपिसिंग. हेझल, अ‍ॅश, मेपल यांसारखं झाड हिवाळ्यात जमिनीलगत छाटायचं. खालची मुळं शाबूत असतात, त्यांत वर्षानुवर्षं साठवलेली पिठूळ शिदोरी असते. वरचा भार अचानक गेला की बुंध्याच्या सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात आणि वसंतात एका खोडाच्या जागी दहा-वीस धुमारे उसळतात. मुळं पूर्ण वाढलेल्या झाडाची आणि पोसायचे फक्त हे कोवळे फुटवे, त्यामुळे वाढीचा वेग अचाट. पहिल्याच उन्हाळ्यात ते माणसाच्या उंचीला पोचू शकतात. वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा तोड. सगळं रान एकदम तोडत नाहीत. त्याचे कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, पाडलेले असतात आणि दर हिवाळ्यात त्यातल्या थोड्यांचीच पाळी येते. मध्ये मध्ये ओकची झाडं मात्र उभी राखतात, घराच्या तुळयांसाठी. आपल्याकडच्या सागालाही बुंध्यापासून असेच धुमारे फुटतात, आणि ब्रिटिश अमदानीत आपल्या वनखात्याच्या वर्किंग प्लॅनमध्ये हीच पद्धत शिरली होती.

मजा अशी की तोडल्यानं झाडाचं आयुष्य वाढतं. न तोडलेला अ‍ॅश दोनेकशे वर्षांत पोकळ होऊन वाऱ्यानं आडवा होतो. तोडत राहिलं तर त्याच्यावर कधी उंच, जड खोडाचा बोजाच येत नाही. बुंधा बाहेरच्या बाजूनं रुंदावत जातो, आतला भाग कुजून जातो, आणि कालांतरानं जमिनीवर खोडांचं एक वेडंवाकडं कडं उरतं. ब्रॅडफील्डमधल्या अशा एका अ‍ॅशच्या कड्याचा व्यास साडेअठरा फूट भरला होता. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) यांनी त्याचं वय निदान हजार वर्षं धरलं. जवळ जाऊन पाहिलं तर ते एक झाड आहे हे पटतच नाही. मधे मोकळी, शेवाळलेली जागा, भोवती सडपातळ, करड्या खोडांची गर्दी. वयानं ती खोडं कोवळी, पण ती ज्या मुळावर उभी आहेत ते नॉर्मन लोक इंग्लंडमध्ये उतरले तेव्हाचं.

रॅकहॅम म्हणजे मोठी वल्ली. लाल मोजे घालून ते रानोमाळ हिंडले आणि मठांच्या चोपड्या, जुने नकाशे, झाडांचे बुंधे यांची एकमेकांशी पडताळणी करत त्यांनी इंग्लिश रानांचा इतिहास नव्यानं मांडला. आरमाराची जहाजं आणि लोखंडाच्या भट्ट्या यांनी इंग्लंडची जंगलं खाल्ली, हे पाठ्यपुस्तकी वाक्य त्यांना अजिबात मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, ज्याला दरसाल लाकूड लागतं तो रान संपवत नाही, राखतो. भट्टीवाल्याला कोळसा आजही हवा आणि नातवाच्या वेळीही हवा. रान साफ होतं ते त्या जमिनीतून लाकडापेक्षा धान्यात जास्त पैसा दिसू लागतो तेव्हा. ब्रॅडफील्डचं लाकूड जवळच्या लिटल वेल्नेथम गावातल्या दाताळ्यांच्या कारखान्यात जायचं आणि हे विसाव्या शतकातही चालू होतं. गवत गोळा करायच्या लाकडी दाताळ्याला सरळ, हलका, चिवट दांडा लागतो. अ‍ॅशचा धुमारा जणू त्यासाठीच वाढतो. हेझलच्या फोका चिरून कुडाच्या भिंती होत, कुंपणाचे ताटवे विणले जात, घेवड्याच्या वेलांना आधाराच्या काठ्या होत. उरलेलं सरपण. रानातली कुठलीच जाडी वाया जात नसे.

आता फुलांकडे. कूप तोडला की वर्षानुवर्षं अंधारात असलेल्या जमिनीवर एकदम ऊन पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात तिथं जो फुलोरा येतो तो पाहण्यासाठीच बरेच लोक येतात. प्रिमरोज, व्हायोलेट, जांभळी ऑर्किडं, आणि पूर्व इंग्लंडच्या मोजक्या परगण्यांतच उगवणारं फिकट पिवळं ऑक्सलिप. यातली काही फुलं सावलीतही जेमतेम तग धरून होती. ऊन मिळताच ती माजतात. काहींची बियाणं मागच्या तोडीपासून मातीत पडून होती, दशकानुदशकं उन्हाची वाट बघत. सात-आठ वर्षांत धुमाऱ्यांची पानं वर एकमेकांना भिडतात, पुन्हा अंधार होतो, तोवर शेजारचा कूप उघडलेला असतो. फ्रिटिलरी जातीची केशरी फुलपाखरं अशीच कुपामागून कुपात सरकत जगली. लाकूडतोड्याच्या मागोमाग फिरणारी अशीच त्यांची ख्याती होती.

ब्लूबेलचं गणित जरा वेगळं. झाडांना पानं फुटायच्या आत, मार्च ते मे या काळात, तिला वर्षभराची कमाई करून घ्यायची असते. मग पानं वाळतात आणि सगळा जीव कांद्यात जातो. तिचं बी वाऱ्यावर उडत नाही, पक्षी नेत नाहीत. ते देठाच्या पायथ्याशी पडतं, आणि त्याला फूल यायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणून ब्लूबेलचा गालिचा जमीन ओलांडतो तो मुंगीलाही लाज वाटेल अशा वेगानं. अ‍ॅनिमोनी तर त्याहून हळू, शतकात सहा फूट असा ढोबळ अंदाज दिला जातो. त्यामुळे एखाद्या रानात ही फुलं दाट दिसली की जमीन कित्येक शतकं नांगराखाली गेलेली नाही असं समजायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सलग रान असलेल्या जागेला प्राचीन वन मानतात, आणि ते ठरवताना कागदपत्रांइतकीच या फुलांची साक्ष काढली जाते. वाट सोडून फुलांत बसून फोटो काढू नका असं सांगतात ते याचसाठी; चिरडलेलं पान पुन्हा अन्न बनवत नाही आणि कांदा उपाशी राहतो.

हेझलखाली वाकून पाचोळा उकरला तर टरफलं सापडतात, आणि ती वाचता येतात. खारीनं फळ फोडलेलं असेल तर सरळ दोन शकलं. रानउंदरानं खाल्लेलं असेल तर भोकाच्या आतल्या कडेवर दातांच्या उभ्या रेघा. आणि भोक गोल, आतली कड घासून गुळगुळीत केलेली, दातांच्या तिरक्या खुणा फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर, असं असेल तर तो डॉरमाउस. सोनेरी केसांचा, झुपकेदार शेपटीचा, वीसेक ग्रॅम वजनाचा हा प्राणी ब्रॅडफील्डमध्ये राहतो, पण दिसत जवळजवळ नाहीच. निशाचर, शिवाय ऑक्टोबर ते एप्रिल झोपलेला. उन्हाळ्यात जमिनीवर न उतरता फांदीवरून फांदीवर जाणं त्याला आवडतं. त्याला फळं धरण्याइतपत जुनं हेझल लागतं आणि फुलोऱ्याची झुडपंही लागतात. एकाच वयाचं रान त्याच्या उपयोगाचं नाही. निरनिराळ्या वयाचे कूप शेजारी शेजारी असणं, ही त्याची गरज.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेनं खेडोपाडी दगडी कोळसा पोचवला आणि सरपणाचा भाव गेला. पुढे तारेची कुंपणं आली, प्लॅस्टिक आलं. एकेका रानातून लाकूडतोडे उठले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांत प्राचीन वनांपैकी जवळपास निम्मी साफ झाली किंवा त्यांत सूचिपर्णी झाडांची लागवड झाली. ब्रॅडफील्डचाच भाग असलेल्या मंक्स पार्क वुडचा मोठा भाग १९६० च्या दशकात उपटून शेतात घातला गेला. लोकांनी आवाज उठवल्यानं उरलेलं वाचलं. आज ते सफोक वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आहे आणि हिवाळ्यात तोड चालू आहे. पण इंग्लंडमधल्या बहुतेक जुन्या रानांत ती थांबली ती थांबलीच. रानात निवांत वेळ घालवायच्या ‘फॉरेस्ट बेदिंग’च्या पत्रकांत ज्या शांततेचं कौतुक असतं, ती या अर्थानं फार जुनी नाही. मध्ययुगात अशा रानात कुऱ्हाडींचे ठोके, गाड्यांची करकर, हाकारे चालू असणार. माणसं गेली, वरचं छत मिटलं, खालची झुडपं मेली, आणि मग झुडपांत गाणारेही गेले.

त्यात पहिला मान नाइटिंगेलचा. पश्चिम आफ्रिकेतून एप्रिलमध्ये येणारा हा तपकिरी, बेताच्या रूपाचा पक्षी रात्री गातो, आणि काय गातो! त्याला जमिनीपासून दाट, काटेरी जाळी हवी. काही वर्षांच्या कुपात ती नेमकी असते. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून त्याची संख्या सुमारे ९० टक्के घटली आहे. तोड बंद पडणं हे एक कारण, पण जिथं तोड चालू आहे तिथंही तो कमी झाला, तेव्हा संशयाची सुई हरणांकडे वळली. ब्रॅडफील्डमध्येच संशोधकांनी कोवळ्या कुपांचे काही तुकडे कुंपणानं बंद केले आणि तसेच शेजारचे तुकडे हरणांना मोकळे ठेवले. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कुंपणाच्या आत नाइटिंगेलच्या हद्दींची घनता बाहेरच्यापेक्षा पंधरापट.

या हरणांतला एक गुन्हेगार आपल्या ओळखीचा आहे. मंटजॅक म्हणजे सह्याद्रीत कुत्र्यासारखं भुंकणाऱ्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. ईस्ट इंडिया कंपनीतर्फे कँटनला चहाची पारख करणाऱ्या जॉन रीव्ह्जचं नाव त्याला मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डच्या ड्यूकच्या वोबर्न इथल्या बागेतून तो सुटला आणि दक्षिण इंग्लंडभर पसरला. लांडगे आणि लिंक्स त्या देशातून केव्हाच नाहीसे झालेत, त्यामुळे त्याला धाक कुणाचाच नाही. वर्षभर वीण, उंची गुडघ्याएवढी, आणि आवडीचं खाणं म्हणजे ताजे धुमारे नि फुलांच्या कळ्या. म्हणून तोडलेल्या कुपाभोवती हल्ली कुंपण घालावं लागतं, नाहीतर तोड करूनही हाती काही लागत नाही.

अ‍ॅशचं दुखणं याहून मोठं. २०१२ मध्ये शेजारच्या नॉरफोकमधल्या अ‍ॅशवेलथॉर्पच्या रानात, मोकळ्यावरच्या अ‍ॅशमध्ये, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच एक बुरशी सापडली. मूळ पूर्व आशियातली. गळून पडलेल्या पानांच्या देठांवर तिच्या इवल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात, बीजाणू वाऱ्यावर जातात, नव्या पानात शिरतात आणि तिथून फांदीत उतरतात. कोवळा धुमारा तर तिच्या तावडीतून क्वचितच सुटतो. म्हणजे ज्या युक्तीनं अ‍ॅश हजार वर्षं जगला, नेमकी तीच इथं उलटते. शिवाय बुंध्यातून आलेला प्रत्येक फुटवा जनुकांनी त्याच जुन्या झाडाचा. त्या झाडात प्रतिकार नसेल तर कितीही वेळा तोडा, नव्या फुटव्यात तो येणार नाही.

तो येतो बियाण्यातून. सरे परगण्यातल्या मार्डन पार्क वुडमध्ये क्यू उद्यान आणि लंडनचं क्वीन मेरी विद्यापीठ यांच्या संशोधकांनी या बुरशीच्या साथीआधीच्या अ‍ॅशची आणि साथीनंतर बीपासून रुजलेल्या रोपांची जनुकं ताडून पाहिली. नव्या पिढीत प्रतिकाराकडे झुकणारे बारीक बारीक बदल जीनोममध्ये हजारो ठिकाणी दिसले. २०२५ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं. डार्विनच्या देशात नैसर्गिक निवड प्रत्यक्ष चालू असताना पकडली गेली म्हणा ना. मात्र ती चालायची तर अ‍ॅशच्या रोपांना वाढायला ऊन हवं, म्हणजे कूप उघडा पडायला हवा. आणि रोप हातभर होईतो ते मंटजॅकच्या तोंडी लागता कामा नये, म्हणजे कुंपण आलं, आणि कुंपण आलं की दर हिवाळ्यात ते बांधणारी माणसंही आली.