पुरळ आणि वही

ईदच्या दिवशी माझ्या दीड वर्षाच्या नातीच्या अंगावर लाल गांधी उठल्या, त्यानंतर अधूनमधून पुरळ येतच राहिलं. आम्हा भिवंडीकरांना यंत्रमागांची खडखड सवयीची. पण त्या महिन्यात घरातली मतं त्याहून मोठ्यानं बोलत होती. ‘पित्त उठलंय,’ म्हणत बायकोनं आमसुलाचं पाणी चोळलं. मी अंडं बंद केलं, तिनं मासळी. शेजारच्या खालांनी दूध बंद करायला सांगितलं. सून बिचारी कुणाचाच शब्द मोडेना. अखेर पोरीच्या वाटीत नुसती पेज उरली. पुरळ थांबलं नाही. वजन वाढायचं मात्र थांबलं.

मुलांच्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. काय खाल्लं होतं? आणि किती वेळानं उठलं? पहिल्या प्रश्नाला आम्ही चौघांनी चार उत्तरं दिली, दुसऱ्याला एकानंही नाही. त्यांनी दूध, अंडं, मासळी पुन्हा सुरू करायला लावली, कारण ती हे सगळं पूर्वी बिनत्रास खात होती. आणि सांगितलं, एक वही घाला.

वेळेला एवढं महत्त्व का? ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. शरीराची संरक्षणयंत्रणा अन्नातल्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते. ते पुन्हा पोटात गेलं की हिस्टामाइन सुटतं, खाज येते, गांधी उठतात. हे बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत घडतं, आणि तो पदार्थ खाल्ल्यावर पुन्हा पुन्हा घडतं. सकाळच्या गांधींचा दोष रात्रीच्या जेवणाला देणं म्हणूनच सहसा चुकतं. कोरडा, खाजरा इसब मात्र काही मुलांत उशिरानंही बळावतो. तो डॉक्टरांनाच दाखवावा.

आम्ही वहीत लिहू लागलो : खाणं, वेळ, पुरळ कुठं, किती वेळ टिकलं, ताप, नवं औषध, नवा साबण. पंधरा दिवसांत गुंता सुटू लागला. मानेच्या वळ्यांतलं बारीक पुरळ उकाड्याच्या दुपारी येई. ते घामोळं होतं. एकदा गांधी तापासोबत आल्या; लहान मुलांत साध्या विषाणूंमुळेही असं होतं. उरल्या दोन नोंदी. आठवून लिहिलेला ईदचा शिरखुर्मा आणि एका लग्नातला कोर्मा. दोन्ही वेळा अर्ध्या तासात, तोंडाभोवती. दोन्हींत समान होता काजू; कोर्म्यात तो वाटून घातलेला, म्हणून कुणाला दिसला नव्हता.

त्वचेच्या चाचणीनं संशय पक्का झाला. नुसती चाचणी पुरेशी नसते. ती होकारार्थी असूनही काही मुलं तो पदार्थ सुखानं खातात. चाचणी आणि हकिगत जुळावी लागते. काजू-पिस्ता एकाच कुळातले, म्हणून दोन्ही बंद झाले. बाकी सगळं चालू राहिलं.

भीतीपोटी सरसकट बंदी घालण्यात शहाणपण नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, लंडनमध्ये ६४० बाळांवर केलेल्या अभ्यासात, अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना लवकर शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. मात्र एकदा त्रास झालेला पदार्थ ‘बघू या’ म्हणून घरी पुन्हा देऊ नये. ओठ-जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं, तर खाजेच्या औषधावर विसंबू नये. १०८ ला फोन करावा, जवळचं रुग्णालय गाठावं. तिथं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो.

दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते; काजूची बहुधा राहते. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर असे घटक छापणं २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. पण दावतीच्या देगीवर कागद चिकटवलेला नसतो. यजमानाला ‘यात काय घातलंय?’ असं विचारणं आमच्याकडे अदबीला धरून नव्हतं. आता नातीला कडेवर घेऊन मी आधी तेच विचारतो. आजवर कुणी वाईट मानलेलं नाही.