घड्याळाशी शर्यत

हे व्याख्यान आम्ही साताऱ्यात दिलं तेव्हा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या होत्या. सांगलीत तर एका विद्यार्थ्याने सरळ विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला मोटारींच्या शर्यतीशी काय देणंघेणं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देऊ. आधी ही शर्यत काय असते ते समजून घेऊ.

लायसन्साच्या चाचणीत दुचाकीवरून ‘आठ’ काढलेला आपल्याला आठवत असेल. पाय टेकला की नापास. तोच आठ मोठा करा, त्यात दहावीस वळणं घाला आणि बाजूला घड्याळ ठेवा. झाली ऑटोक्रॉस. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही स्पर्धा ‘सोलो’ या नावाने भरवतो. नाव नेमकं आहे, कारण लढत फक्त घड्याळाशी असते. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या वाटेवर होते. तिकडे मोकळ्या डांबरी मैदानावर नारिंगी शंकू मांडून वाट आखतात. लेकीकडे गेलो असताना असा एक दिवस आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहिला.

आलेली माणसं हौशी असतात. कुणाकडे दोन सीटची स्पोर्ट्स कार, तर कुणी रोज ऑफिसला न्यायची गाडीच घेऊन आलेला. आधी तपासणी होते. चाकांचे नट घट्ट हवेत, बॅटरी हलता कामा नये, गाडीतलं सुटं सामान बाहेर, डोक्यावर हेल्मेट. मग सगळे ती वाट पायी चालून पाठ करतात. एकेका गाडीला काही फेऱ्या मिळतात, त्यातली सर्वांत कमी वेळेची धरतात. फेरी साधारण मिनिटभराची, वेग बराचसा दुसऱ्या गियरमधला. शंकू पाडला तर दोन सेकंद दंड. एखादं दार चुकवलं तर ती फेरीच बाद.

आपल्या भागात याची तुलना कशाशी करावी? सातारा-सांगलीच्या मैदानात बैलगाड्या शेजारी शेजारी, आपापल्या चाकोरीतून सुटतात. आधी पोचेल तो जिंकला. पुणे जिल्ह्यातल्या घाटात मात्र एकेक गाडा पळतो आणि सेकंद मोजतात. शंकूंची शर्यत या घाटाच्या जातीची. फरक इतकाच, की बैलाला विचारायची सोय नसते. २०१४ ची बंदी आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने वैध ठरवलेला राज्याचा कायदा, या सगळ्या वादाचं मूळ तिथेच होतं. इथे निर्णय ज्याचा, जोखीमही बहुतांशी त्याचीच.

आता थोडं पदार्थविज्ञान. टायरची रस्त्यावरची पकड ही महिन्याच्या ठरावीक पगारासारखी असते. ब्रेकवर खर्च केली की वळायला कमी उरते. म्हणून जास्तीचा वेग गाडी सरळ असतानाच कमी करायचा. वीस मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३६ किलोमीटरने घेतलं तर लागणारा आडवा जोर गाडीच्या वजनाच्या साधारण निम्मा असतो. ताशी ५४ ने घ्यायला गेलात तर तो वजनाहून जास्त होतो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. नेहमीचे टायर तिथे हात टेकतात.

हे गणित ऐकून गाडी चालवता येते का? नाही येत. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘अमुक आहे हे ठाऊक असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत भेद केला. वाट पाठ असलेला माणूसही पहिल्या फेरीत चुकतो, कारण त्याची नजर जवळच्या शंकूवर खिळते. जिकडे नजर, तिकडे गाडी. पुढच्या वळणाकडे पाहायचं असतं, हे सांगून पटतं. अंगी मुरायला मात्र फेऱ्या माराव्या लागतात.

आम्हाला सगळ्यात आवडली ती एक साधी व्यवस्था. प्रत्येक शंकूभोवती जमिनीवर एक चौकट आखलेली असते. शंकू धक्क्याने सरकला, पण उभा राहून चौकटीला टेकलेला असला तर दंड नाही. पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर दंड. आणि हे पाहायला कोण उभं असतं? ज्यांची फेरी अजून यायची आहे किंवा होऊन गेली आहे, ते स्पर्धकच. दुसऱ्याची चूक नोंदवायची, शंकू उभा करायचा, मग आपली पाळी आली की तेच माप स्वतःला लागू. वाद घालायला जागाच उरत नाही.

आता सांगलीच्या त्या प्रश्नाकडे. चाळीस वर्षांपूर्वी पेठहून सांगलीला येताना आष्ट्याच्या पुढे आमची स्कूटर घसरली. मागे बसलेल्या सहकाऱ्याचा हात मोडला, सहा आठवडे प्लास्टर. जो विचारील त्याला आम्ही सांगत राहिलो, "वळणावर खडी होती." खडी होतीच. पण आम्ही वेगात होतो, हे आम्ही कधी बोललो नाही. ते गृहस्थही बोलले नाहीत. आज ते हयात नाहीत.

आम्ही नीतिशास्त्र शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट. त्या रस्त्यावर खडूची चौकट नव्हती, म्हणून सबब चालून गेली. मैदानावर तरुण मुलं गाडीतून उतरून "मी उशिरा ब्रेक मारला" असं सहज म्हणत होती, आणि तिथे पडला होता फक्त रबरी शंकू. खंबाटकीच्या वळणावर तेच शिकायची किंमत फार मोठी असते. आपली चूक नेमकी कुठे झाली हे वेळेवर आणि मोठ्याने म्हणता येणं, एवढं जरी तत्त्वज्ञानाने शिकवलं तरी पुष्कळ झालं. आम्हाला ते उशिरा आलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.