अलिबागच्या सुईने पाहिलेले सौरवादळ

कोलाडच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश खेळत नाही. मात्र तो चेतविणारी सौरवादळे याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत नोंदली जातात. सूर्याकडून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येणारा विद्युतभारित कणांचा वारा पृथ्वीचे चुंबकीय कवच बव्हंशी दूर वळविते. काही कण ध्रुवप्रदेशांवर उतरतात आणि तेथील हवा उजळते. सप्टेंबर १८५९ मध्ये हे कवच हादरले, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने चुंबकीय तीव्रतेतील सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. विजेच्या ट्रामचा अडथळा टाळण्यासाठी १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा उभी राहिली. उपग्रह व वीजवाहिन्यांवरील संकट जोखताना अभ्यासक आजही त्या जुन्या आकड्यांकडे वळतात. वेळच्या वेळी, निष्ठेने केलेल्या नोंदीचे मोल दीड शतकानंतरही सरलेले नाही.