आठ मापटी आणि एक पायली

सोलापूरकडे ज्वारी पूर्वी मापाने मोजत. कोष्टकात आठ मापट्यांची एक पायली. पण काठाशी सपाट भरलेली आठ मापटी पायलीत ओतली तर ज्वारी किंचित कमी भरायला हवी. लबाडी भांड्याच्या भिंतीची! दाणे परस्परांच्या खाचांत बसतात. भिंतीला खाच नाही. म्हणून तिच्यालगत पोकळी जास्त. एरवी सारखे गोल दाणे नुसते ओतले तरी सुमारे ४० टक्के पोकळीच असते. भिंतीचा परिणाम चार-पाच दाण्यांपर्यंत पोचतो. लहान मापात तेवढा भाग मोठा ठरतो.

आम्ही वर्गात सायकलचे छर्रे घेतो, कारण ज्वारी पाणी पिते. परीक्षानळी आणि रुंद पेला छर्‍यांनी काठोकाठ भरून मोजून पाणी ओततो. मावलेल्या पाण्याला भांड्याच्या क्षमतेने भागले की पोकळीचे प्रमाण मिळते. नळीत ते जास्त निघते.