मान, डोळे आणि मैदान

सेवाग्रामच्या आश्रमात बापूंच्या दफ्तरात एक टेलिफोन अद्याप जपून ठेवलेला आहे; व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट संपर्क साधता यावा म्हणून सरकारने तो बसविला होता. पाहणाऱ्यांना कौतुक वाटते ते त्यामागील राजकारणाचे. मला मात्र त्या यंत्राला एक मुक्रर जागा होती आणि बोलणाऱ्याला उठून तिथवर जावे लागे, हेच अधिक विचारणीय वाटते. वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या मुलामुलींच्या हाती आज जे यंत्र आहे त्याने हा दस्तूरच मोडला आहे. ते ताटाशी येते, अंथरुणात येते आणि त्यासाठी जागचे हलण्याची कुणाला गरज उरत नाही.

मानेची तक्रार तेवढी सर्वांच्या तोंडी असते. मनुष्याच्या मस्तकाचे वजन सुमारे 5 किलो. मान 60 अंशांनी झुकली की मानेच्या कण्यावर 27 किलोंचा भार पडतो, असे न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये मांडले. तो गणिती प्रतिमानाचा हिशेब होता, जिवंत मानेवरील मोजमाप नव्हे, हे सांगायला मात्र वर्तमानपत्रे सहसा विसरतात. डोळ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप मंदावते व डोळे कोरडे पडतात, ही त्यातली किरकोळ बाब. खरी हानी ही की सतत जवळचे पाहणाऱ्या व उन्हात न जाणाऱ्या वाढत्या मुलाचा नेत्रगोल लांबट होऊन त्याला दूरचे धूसर दिसू लागते, आणि बाहेरच्या प्रखर प्रकाशात घालविलेला वेळच या दोषाला आळा घालतो. झोपेबद्दल एवढेच सांगितले तरी पुरे की किशोरवयीनांना रात्री 8 ते 10 तास लागतात, आणि अंथरुणात आलेले यंत्र त्यातलेच तास खाते.

परंतु सर्व दोष त्या यंत्राच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या आकडेवारीनुसार 11 ते 17 वयाची 81 टक्के मुले दिवसाला तासभरही व्यायाम करीत नव्हती. तेव्हा मैदान ओस पडले ते एकट्या फोनमुळे, असे कसे म्हणावे? याच वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढे सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने नई तालीम ही जी शिक्षणपद्धती चालविली तीत सूतकताई, शेती व सफाई ही शिक्षणाचीच अंगे मानली गेली. शरीरश्रम तिथे मधल्या सुट्टीपुरते उरले नव्हते.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. फर्मान धाडसी खरे, पण बंदीने रिकाम्या झालेल्या हातांना काय द्यायचे याचा बंदोबस्त ठरावाने होत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव मला अधिक शहाणे वाटते: तिथे त्याच वर्षापासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतात, थोरांचेसुद्धा.

वर्ध्यात अशी वेळ ठरवायची झाली तर ऋतूचाही विचार करावा लागेल. वैशाखात पारा 45 अंशांवर जातो. मैदानावर उतरता येते ते सूर्य चढण्यापूर्वी किंवा तो कलल्यानंतर, आणि नेमक्या त्याच दोन वेळा शिकवणीवर्गांनी बळकावलेल्या असतात.