रुळांखालची माती

आगगाडी रुळांवरून धावते असे आपण म्हणतो. पण रूळ स्लीपरांवर, स्लीपर खडीवर, खडी भरावावर आणि भराव शेवटी जमिनीवर टेकलेला असतो. ती जमीनच मऊ असेल तर काय करावे, हा आजचा आपला विषय.

स्वीडनला हा प्रश्न फार महागात पडला आहे. १ ऑक्टोबर १९१८ रोजी नॉरशेपिंग शहराजवळ पावसाने भिजलेला लोहमार्गाचा भराव घसरला. आलेली गाडी खाली कोसळली, डब्यांना आग लागली आणि निदान ४२ माणसे दगावली. अशा घसरणींच्या अभ्यासासाठी तेथील सरकारी रेल्वेने १९१४ सालीच एक समिती नेमली होती. वोल्मार फेलेनियस हे तिचे अध्यक्ष. जमिनीची ताकद अंदाजाने धरू नये, मोजून पाहावी, हा धडा समितीच्या १९२२ च्या अहवालाने घालून दिला.

तेथील चिकणमाती म्हणजे हिमयुगानंतर समुद्रतळाशी बसलेला गाळ. पुढे जमीन वर उचलली गेली व तो गाळ उघडा पडला. त्याचे सूक्ष्म कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकलेले, आणि मधल्या पोकळीत पाणी. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते. ही माती खोलवर सदा ओलीच राहते. ती कित्येक मीटर खोल असल्याने सगळी खणून काढणे परवडत नाही.

मग ती जागच्या जागीच घट्ट करायची. १९६७ च्या सुमारास शेल्ड पाउस ह्यांनी स्वीडनमध्ये मातीत चुना मिसळून पाहिला. पुढे चुन्याच्या जोडीला सिमेंट आले. टोकाशी पाती असलेला दांडा यंत्राने जमिनीत खोल उतरवतात. तो फिरवत वर काढताना हवेच्या दाबाने कोरडी भुकटी मातीत सोडतात. सिमेंट मातीतलेच पाणी शोषून आवळते. चुन्यामुळे मातीचे कण गोळा होतात, आणि पुढे कित्येक महिने ती हळूहळू कठीण होत राहते. अशा रीतीने सुमारे ६० ते ८० सेंटिमीटर व्यासाचे खांब तयार होतात. ते एकमेकांना खेटून ओळीने घेतले की जमिनीत भिंतीच उभ्या राहतात.

हा उपाय केवळ भार पेलण्यापुरता नाही. १९९७ साली गोथेनबर्गच्या दक्षिणेस लेड्सगोर्ड येथे वेगवान गाड्या सुरू होताच रूळ व जमीन जोराने हादरू लागली. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. मऊ मातीतून कंपनाच्या लाटा ह्याहून हळू जातात. पाण्यातील होडी आपल्याच लाटांना गाठते आणि पाणी नाळेशी साठते, तसेच तेथे झाले. वेग कमी करावा लागला. पुढे रुळांखाली चुना-सिमेंटचे खांब घेतल्यावर माती ताठर झाली आणि हादरे पुष्कळ कमी झाले.

मात्र सिमेंट ओतले की काम झाले, असे नव्हे. कुजक्या वनस्पतींचा अंश असलेल्या मातीत ते नीट आवळत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणची माती प्रयोगशाळेत आधी तपासून प्रमाण ठरवावे लागते, आणि झालेले खांबही पुन्हा तपासावे लागतात. शिवाय सिमेंट बनवताना कर्बवायू बाहेर पडतो, त्यामुळे ते बेताने वापरावे लागते. १९२२ च्या त्या अहवालातला मोजून पाहण्याचा धडा आजही तितकाच लागू आहे.